मुक्या गावातली गांजाची पेटी

माझा खाकी कोट आमच्या हिने नोकरीभर कधी घरात येऊ दिला नाही. गोठ्याच्या मेढीला तो टांगायचा, अंगावर दोन बादल्या पाणी घ्यायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. कोटाला वास यायचा. येणारच की! आबकारी खात्यातला माणूस मी. मोहाची दारू, अफू आणि गांजा यांच्यामागे हयात घालवली, आणि तिन्हींपैकी एकही चीज कधी जिभेला लावली नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापहो, मला सवय आहे.

परवा या अंकाचे संपादक घरी आले. म्हणाले, "साहेब, गांजावर लिहा. औषधाला द्यावा की नाही, ज्याला हौसेने ओढायचा त्याला ओढू द्यावा की नाही, यावर पुन्हा वाद पेटलाय." मी म्हटलं, वाद घालणारे ढीगभर आहेत, पण त्यांतला एक तरी गांजाच्या पेटीजवळ बसलाय का? मी बसलोय. नुसता जवळ नाही, पेटीवरच बसलोय, पार कंबर मोडेपर्यंत. ते कसं झालं तेच सांगतो. मत तुमचं तुम्ही करा.

आधी धंदा समजून घ्या. त्या काळी आपला वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला, सरकार नागपूरला. गांजा तेव्हा चोरून विकायची वस्तू नव्हती. सरकारी कोठारातून तो यायचा, दुकानाचा लिलाव व्हायचा, आणि ज्याचा परवाना त्याने लाकडी पेटीत ठेवून तो तोलून विकायचा. एका माणसाला ठरल्यापेक्षा जास्त नाही, आणि पोरासोरांना तर नाहीच. झाडाची पानं ती भांग, मादी झाडाचे चिकट तुरे तो गांजा. दुकानदाराने तुऱ्यात काड्या मिसळल्या की काय, हे मी नाकाने सांगायचो. त्यात मोठी विद्या नव्हती, नाक होतं.

चोरटा मालही यायचा. एकदा शेगाव ठेसनावर तबल्याची जोडी घेऊन एक बुवा उतरले. गंधटिळा, रेशमी फेटा, तोंडात पान. वास आला, पण बुवांना सरळ कसं म्हणावं? मी हात जोडले, "महाराज, दोन बोल ऐकवा." बुवा घामाघूम. बसले आणि वाजवला. असा बद्द आवाज निघाला की हमालसुद्धा थांबून पाहू लागले. वरची शाई सोडली तर आत सगळा गांजाच. तेव्हापासून माझा आवाजावर फार विश्वास. नाक एखाद्या वेळी फसतं, कान फसत नाही. असं मी पुष्कळ वर्षं म्हणायचो. आता म्हणत नाही.

माझ्या हद्दीत संग्रामपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव होतं. नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. तिथलं दुकान सोनाबाईचं. नवरा वारल्यावर परवाना तिच्या नावावर झाला होता. कपाळ पांढरं, जीभ तिखट. मी तपासणीला गेलो की म्हणायची, "या दरोगासाहेब. तुमी सरकारचे, मी बी सरकारचीच. मले लोक तोंडावर शिव्या देतात आन् तुमाले पाठीमागं, येवढाच फरक." तिचा तराजू मात्र कधी चुकलेला मी पाहिला नाही.

तिचं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे हरबाजी. शेतं राखणारा जागल्या, वाळलेला, चेहऱ्याची नुसती हाडं. दिवस कलला की मारुतीच्या पारावर बसून एक चिलीम ओढायचा. त्याचं ओढणं पाहण्यासारखं होतं. दम घेतला की बराच वेळ धूर आतच राही, मग ओठांतून असा हलके सुटायचा की बाजूला बसलेल्याला कळू नये. त्याला ठसका लागलेला गावात कोणी ऐकला नव्हता. आणि त्याची बायको पार्बती नेमकी उलट. तिचा आवाज वेशीवरून नाल्यापलीकडे जायचा. गावात कोणाच्याही घरी मयत झाली की पहिला हंबरडा पार्बतीचा. तिने सुरुवात केल्याशिवाय बाकीच्या बायांना रडूच फुटत नसे. मी एकदा गमतीने म्हटलं, "हरबाजी, तू गेलास की सातपुड्यातले वाघ पळून जातील." तो हसला आणि म्हणाला, "मंग काय साहेब! तेवढ्यासाठीच तं लगन केलं."

मग गावात बदलून मास्तर आले. माणूस अगदी सरळ. खादी वापरायचे, पोरांवर जीव. आधीच्या शाळेतल्या एका पोराचा बाप नशेत विहिरीत पडताना त्यांनी पाहिला होता, आणि तेव्हापासून दारूगांजा त्यांना डोळ्यांसमोर नको. त्यांनी प्रभातफेऱ्या काढल्या. सोनाबाईच्या दारासमोर उभं राहून "विषाचं दुकान बंद करा" अशा घोषणा दिल्या. आणि एके दिवशी गावातल्या साऱ्या गांजेकसांना मारुतीसमोर गोळा करून चिलमी फोडायला लावल्या. नुसत्या फोडल्या नाहीत, प्रत्येकाला बेलभंडार उचलायला लावला. म्हणजे हातात बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा घेऊन देवासमोर शपथ. बाहेरच्या वाचकांना यात काय एवढं, असं वाटेल. त्या गावात समज असा की बेलभंडार मोडणारा माणूस पुढची अमावस्या पाहत नाही.  हरबाजीनेही उचलला आणि पाळला. पारावर नुसता बसून राहायचा, रिकाम्या हाताने.

त्याच सुमारास नागपूरच्या सरकारने ठरवलं की गांजाची दुकानं कायमची बंद करायची का, हे लोकांना विचारायचं. समिती नेमली. समितीचा निकाल लागेपर्यंत आमच्या भागातल्या पेट्यांना लाख लावा, असा हुकूम आला. सोनाबाईच्या पेटीला लाख मीच लावली, पितळी शिक्का मीच दाबला. ती दारात बसून पाहत होती. "लावा," म्हणाली, "माही सुटका झाली. आता गावातल्या बाया मले कुकवाले नाही बोलवणार तं नाही, पण दारात थुंकणार बी नाही."

समिती त्या गावात येणार होती त्या दिवशी मी सकाळीच घोडीवर निघालो. नाला ओलांडला आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते लगेच ध्यानात येईना. गाव समोर दिसत होतं, धूर निघत होता, माणसं हलत होती, पण कुत्रं नाही भुंकलं. कोंबडा नाही. जात्याची घरघर नाही. वेशीत एक माणूस उभा होता, त्याने तळहात वर केला आणि ओठांवर बोट ठेवलं. मग वाकून, एक शब्द न बोलता, त्याने माझ्या घोडीच्या चारी खुरांना गोणपाट बांधलं.

मी आत शिरलो. भर उन्हात, माणसांनी भरलेलं गाव, आणि आवाज नाही. बैलांच्या गळ्यातल्या घंट्यांत चिंध्या कोंबलेल्या. मारुतीच्या घंटेचा लोलक फडक्यात गुंडाळलेला. बाया विहिरीवर दोर हातातल्या हातात, टिपूसही न वाजू देता सोडत होत्या. दोन माणसं रस्त्यात भांडत होती, हातवारे करून, तोंडं वासून, पण घशातून काही निघत नव्हतं.  आपण बहिरे तर झालो नाही ना, म्हणून मी खिशातली चिल्लर हळूच चाचपून पाहिली. लगेच चार माणसांनी माझ्याकडे मान वळवली.

सोनाबाईने मला ओट्यावर ओढलं आणि कानाशी लागली. "मास्तरीणबाईले धनुर्वात झाला. वखराची लोखंडी पास पायात घुसली व्हती, जखम तं भरून बी आली. मंग दात बसले. जरा खुट्ट झालं की अंग कमानीवानी वाकते, हाडं वाजतात म्हन्तात. वैद्यानं सांगितलं, आवाज झाला की बाई गेली. म्हनून सारं गाव मुकं हाये." मग जरा थांबून म्हणाली, "आन् साहेब, ते हसून राह्यली."

मी समजलो नाही. नंतर पाहिलं. मास्तरांचं घर समोरच, अंधाऱ्या खोलीत त्यांची बायको गंगाबाई पडल्या होत्या. डोळे भीतीने ताणलेले, पाण्याने भरलेले, आणि तोंडावर रुंद हसू. दात घट्ट मिटलेले, ओठ कानाकडे ओढलेले. रोगच तसा, गालाचे स्नायू आखडतात. हे मला नंतर कळलं, पण तेव्हा त्या हसण्याकडे पाहून मी उंबऱ्यातच थांबलो. मास्तर उशाशी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नमस्कार करायलाही हात हलवला नाही. हाताचा आवाज होईल, ही भीती.

एकदम माझ्या डोक्यात आलं, समिती मोटारीने येणार! मी तसाच पळालो, अनवाणी. नाल्यापाशी मोटारीची घरघर ऐकू आली आणि मी वेड्यासारखा रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. ड्रायव्हरने भोंग्यावर हात ठेवलेला मला दिसला. मी दोन्ही हात जोडले. वाजवला नाही त्याने, देवाची कृपा. आत समितीचे अध्यक्ष, एक नामांकित वकील, आणि सभासद म्हणून एक डॉक्टर. वकीलसाहेब भडकले, "हा काय तमाशा?" मी सांगितलं. डॉक्टरांनी मुकाट्याने बूट काढले आणि हातात घेतले. वकीलसाहेबांनीही मग काढले, पण चेहरा असा की जणू मी त्यांची पगडी मागितली.

अशी ती सुनावणी झाली. आयुष्यात पुष्कळ सभा पाहिल्या, अशी पाहिली नाही. मारुतीच्या पारावर सारं गाव गोळा झालं, आणि एकेक जण पुढे येऊन अध्यक्षांच्या कानात कुजबुजायचा. गांजा असावा की नसावा, हा एवढा मोठा वाद, ज्याच्यावर शहरात लोक टेबलं बडवतात, तो तिथे श्वासांच्या आवाजात चालला होता. एक म्हातारी म्हणाली, "माह्या लेकाचं डोस्कं त्यानंच फिरलं, साखळीनं बांधून ठेवला हाये, तुमी येऊन पाहा." एक कोळपणीचा मजूर म्हणाला, "दिवसभर पाठ मोडते साहेब, एक दम घेतला की झोप लागते. मी कोनाचं काय घेतलं?" दोघंही खरं बोलत होती. अध्यक्ष दोघांकडेही मान हलवत होते. वाऱ्याने पिंपळाची पानं सळसळली की सगळे दचकून मास्तरांच्या घराकडे पाहायचे.

तेवढ्यात डॉक्टर त्या घरातून बाहेर आले. अध्यक्षांना आणि मला बाजूला घेतलं. म्हणाले, "झटके थांबले नाहीत तर छाती आखडून ती जाईल. या रोगात गांजाचा अर्क चालतो, झटके सैल पडतात. माझ्याजवळ तो नाही. खामगावला माणूस धाडतो, पण तो येईपर्यंत ही टिकायची नाही. जुने डॉक्टर नुसत्या धुरावरही रोग्याला तगवत." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गावात गांजा आहे का?"

मी सोनाबाईच्या ओट्याकडे बोट केलं. पेटी होती, आणि तिच्यावर माझी लाख.

अध्यक्ष म्हणाले, "समितीला सील तोडण्याचा अधिकार नाही. वरिष्ठांची परवानगी मागवा." माणूस वाईट नव्हता. कायदा शिकलेला होता आणि बाहेर पडायची वाट त्याला सापडत नव्हती. इतक्यात मास्तर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दिवशीचं मुख्य भाषण त्यांचंच व्हायचं होतं, कागद खिशात असेल. सारं गाव त्यांच्याकडे पाहत होतं. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हीच ना दुकान बंद करा म्हणणारे? काय सांगायचंय?"

मास्तर कुजबुजले, पण शेवटच्या माणसापर्यंत ते पोचलं. "बंद करा. मी आजही म्हणतो, बंदच करा. पण आज नको हो. आजचा दिवस नको."

मी ओट्यावर चढलो. लाख माझी, शिक्का माझा. नोकरी म्हणाल तर तीही माझीच. नेहमी आम्ही लाख हातोडीने फोडतो, ते तिथे शक्यच नव्हतं. सोनाबाईने समई आणली. मी ज्योत लाखेखाली धरली. ती थेंब थेंब वितळायला जो काही वेळ लागला तो मला आजही स्वप्नात लागतो. अध्यक्ष पाठ करून सातपुड्याचे डोंगर पाहत उभे राहिले. झाकणाच्या बिजागरीला सोनाबाईने तेल सोडलं. पेटी न करकरता उघडली.

आता पुढचा पेच. डॉक्टरांनी निखाऱ्यावर चिमूटभर टाकून धूर दिला, तर तो तिखट. गंगाबाईंच्या घशात नुसतं खवखवलं आणि देह असा वाकला की टाच आणि डोकं तेवढं अंथरुणाला टेकलेलं. डॉक्टर घाईने बाहेर आले. "धूर माणसाच्या छातीतून यायला हवा. मऊ होऊन. आणि ओढणारा खोकता कामा नये." मास्तर म्हणाले, "मी ओढतो." सोनाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी पहिल्याच दमाले ठसकान, मास्तर. तुमच्या ठसक्यानंच जाईन ते." मग तिने ते नाव घेतलं, जे आम्हा सगळ्यांच्या मनात होतं. हरबाजी.

मास्तर स्वतः गेले. मीही मागे गेलो. हरबाजी अंगणात दोर वळत बसला होता, पार्बती भाकरी थापत होती, हातावरच, परातीवर न आपटता. मास्तर त्याच्यासमोर मातीत बसले आणि धूर द्यायला येशील का, असं कसंबसं म्हणाले. हरबाजीने दोर खाली ठेवला.

"बेलभंडार तुमीच उचलाले लावला, मास्तर."

"त्याचं पाप माझ्या डोक्यावर घेतो मी. देवासमोर सांगतो."

"शप्पथ अशी दुसऱ्याच्या डोक्यावर नाही जात," हरबाजी म्हणाला. त्यात राग नव्हता. त्याने पार्बतीकडे पाहिलं. तिने पदर तोंडात कोंबला आणि नकारार्थी मान हलवली, पुन्हा पुन्हा. एरवी तिने गाव डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी नुसती मान हलवत राहिली. "रडू नको वं," तो तिला म्हणाला, "बाई मरून राह्यली तठी. पोट्टे तिनंच शिकवले आपले." आणि उठला.

गावात चिलीम शिल्लक नव्हती, मास्तरांच्या मोहिमेने एकही सोडली नव्हती. सोनाबाईने नवऱ्याची जपून ठेवलेली काढून दिली. परपुरुष बाईच्या अंथरुणाशी कसा बसणार, म्हणून मध्ये लुगडं आडवं टांगलं. पपईच्या पानाचा लांब पोकळ देठ कापून आणला, लुगड्यातून आरपार घातला, त्याचं एक टोक गंगाबाईंच्या नाकाशी, दुसरं हरबाजीच्या ओठांशी. त्याने मारुतीकडे तोंड करून डोळे मिटले, दम घेतला, बराच वेळ आत ठेवला, आणि हलके नळीत सोडला. मी दारात होतो. दोनचार दमांनंतर लुगड्याच्या पलीकडून एक सुस्कारा आला. मास्तर बाहेर आले आणि भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले. त्यांच्या पाठीवर हात ठेवायला मी पुढे झालो, तर सोनाबाईचा हात तिथे आधीच होता.

उघडलेली पेटी मागे ठेवून अधिकाऱ्याने गाव सोडायचं नाही, असा खात्याचा नियम. समिती गेली, मी राहिलो. सोनाबाईच्या ओट्यावर, पेटीवर बसून. तिथून मास्तरांचं दार समोर दिसायचं. हरबाजी उजाडता यायचा, तिन्हीसांजेला जायचा. मधूनमधून दम. त्या मुक्या गावात मला हळूहळू एक विचित्र गोष्ट जाणवू लागली. काहीच ऐकू येत नव्हतं, पण त्याचा श्वास मला रस्त्यापलीकडून ऐकू यायचा. आत जाताना, थांबताना, सुटताना. मी सोनाबाईला विचारलं तर म्हणाली, "मले बी येते. साऱ्या गावाले येते. बोलू नका."

गंगाबाईंची कमान उतरत गेली. त्यांच्या तोंडावरचं ते हसू एके दिवशी गेलं आणि त्या रडल्या, तेव्हा मास्तरांना इतका आनंद झाला की विचारू नका. अमावस्या जवळ येत होती. कोणी तिचा उच्चार करत नव्हतं, पण मी पाहायचो, बाया पाणी भरताना हरबाजीकडे चोरून बघायच्या.

अखेर एका दुपारी खामगावचा अर्क आला. वाटेत माणूस अडला होता, पण आला. मी बाटली घेऊन गेलो. हरबाजी भिंतीला टेकून बसला होता, नळी ओठांपाशी, चिलमीतून धूर निघत होता. मी त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो हलक्याने माझ्याकडे कलंडला. धूर निघतच राहिला. अमावस्या दुसऱ्या दिवशी होती.

म्हातारा होता, छाती जुनी, दिवसभर दम ओढलेला. डॉक्टर विचाराल तर हेच म्हणेल. मीही कागदोपत्री असंच म्हणतो. सोनाबाई काय म्हणायची ते सांगत नाही.

पण त्यापुढचं सांगितल्याशिवाय सुटका नाही. हरबाजीला आम्ही त्या मुक्या गावातून नेला. हलगी नाही, भजन नाही, "राम नाम" नाही. मडकं फोडायचं ते नाल्यापलीकडे. आणि पार्बती! तिच्या तोंडात पदराचा बोळा, दोन्ही बाजूंनी बायांनी धरलेली, डोळे बाहेर आलेले. साऱ्या गावाच्या मयतीला जिने रडायचं, तिला स्वतःच्या नवऱ्याला रडायची मनाई. कोणी केली नव्हती हो मनाई! तिनेच बोळा कोंबून घेतला होता. मास्तरांच्या दारावरून जाताना तिने स्वतःच्या हाताने बांगड्या घट्ट दाबून धरल्या, वाजू नयेत म्हणून. मी खात्यात पुष्कळ मेलेले पाहिले, पण त्या दिवसासारखा मी कधी घाबरलो नाही.

त्यानंतरही गाव मुकंच राहिलं. अर्काने गुण येत होता, पण डॉक्टरांचा निरोप होता, अजून खुट्ट नको. पार्बती अंगणात बसायची, तोंड मिटून. गंगाबाईंना काही सांगितलं नव्हतं, ताण नको म्हणून. नळी लुगड्यात तशीच होती, काढायला कोणाचा हात धजला नव्हता.

मग एके दिवशी डॉक्टर स्वतः आले, तपासलं, आणि मास्तरांना म्हणाले, "झालं. आता बोला." मास्तर दारात आले. सारं गाव जमलं होतं. मास्तर मोठ्याने म्हणाले, "बोला बाप्पाहो! आता बोला!"

कोणी बोललं नाही. एक माणूस नाही, एक पोर नाही. मारुतीच्या घंटेचं फडकं सोडायला जो वर चढला होता, तोही लोलक हातात धरून तसाच थांबला. सगळे एकाच घराकडे पाहत होते. आणि तिथून तो आला. इतके दिवस कोंडलेला पार्बतीचा हंबरडा. वेशीवरून गेला, नाल्यावरून गेला, डोंगराला लागून परत आला.  मी धावत मास्तरांच्या घरात शिरलो, वाटलं, ही बाई पुन्हा वाकणार.

गंगाबाई उठून बसल्या होत्या. अंग सरळ. नळीकडे पाहत मास्तरांना म्हणाल्या, "हे पार्बती कायले रडून राह्यली वो? हरबाजी तं आताच उठून गेला. आता त्याचा दम व्हता अठी, माह्या तोंडावर."

मास्तर खाली बसले. काय सांगितलं ते मी ऐकलं नाही, बाहेरचा आवाज तेवढा मोठा होता. गंगाबाईंनी हात लांब करून लुगड्यातली ती वाळलेली नळी काढली आणि पदरात घेतली. मग एवढंच म्हणाल्या, "मले उचला. मले तिच्याजवळ न्या."

दोघांनी खुर्चीवर घालून नेलं. पार्बतीने त्यांना येताना पाहिलं आणि सवयीने, इतक्या दिवसांच्या सवयीने, झटकन पदर तोंडात कोंबला. गंगाबाईंनी तो आपल्या हाताने ओढून काढला. म्हणाल्या, "रड माय. मोठ्यानं रड."